बुलेटच्या इंजिनाचा आरसा करावा का?

रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून एका बहिणीचे चार पानी पत्र आले आहे. या सदरात आम्ही आजवर कुकरची शिट्टी, इन्व्हर्टरचे पाणी, गच्चीची गळती असल्या प्रश्नांना उत्तरे दिली. मोटरसायकलच्या इंजिनाबद्दल, आणि तेही एका अम्मीने, विचारण्याची ही पहिलीच वेळ.

पत्राचा आशय असा. त्यांचे शौहर १९९० मध्ये, इराकने कुवेत घेतल्यावर, अम्मानमार्गे विमानाने परत आले तेव्हा हातात एक पिशवी होती. पुढच्या वर्षी गावात पुन्हा उभे राहायचे म्हणून भावांनी बिनव्याजी हातउसने पैसे दिले आणि त्यातून ३५० सीसीची बुलेट आली. तिच्यावरून त्यांनी पंचवीस वर्षे मासळीचा आणि नंतर बांधकामाच्या सामानाचा धंदा केला. भावांचे पैसे केव्हाच फिटले. गेल्या रमजानपूर्वी ते अल्लाहला प्यारे झाले. गाडी पडवीत उभी आहे. दोहाला असलेला थोरला मुलगा म्हणतो, अब्बांची आठवण आहे, सगळे इंजिन उतरवून आरशासारखे पॉलिश करून घेऊ, पैसे मी पाठवतो. धाकट्याने शहरातल्या एका गॅरेजचा आकडाही आणला आहे. चाचा म्हणतात, मरहूमच्या हातची गाडी आहे तशी राहू द्या. बहिणीचा प्रश्न एका ओळीचा आहे: पॉलिश करावी की करू नये? तो गॅरेजचा आकडा आम्ही छापत नाही. त्यांनीच लिहिले आहे की तेवढ्यात मुलीची कॉलेजची वर्षाची फी भरून वर काही उरते.

आधी धातूबद्दल बोलू, कारण घरातल्या अर्ध्या वादाचे मूळ तिथे आहे. चाचांना वाटते पॉलिशने इंजिन झिजेल, थोरल्याला वाटते पॉलिश केले नाही तर इंजिन सडेल. दोघांचेही थोडे खरे आहे, पण फार थोडे.

ॲल्युमिनियम म्हणजे आपल्या घरातले जर्मन. जर्मनचे नवे पातेले चकचकीत असते आणि वापरात करडे पडते, हे प्रत्येक बहिणीला ठाऊक आहे. ते करडेपण म्हणजे गंज नव्हे. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, त्यातून ओल आत जाते आणि खालचे लोखंड खात राहते. ॲल्युमिनियमला हवा लागली की काही क्षणांत त्यावर एक पापुद्रा धरतो, माणसाच्या केसापेक्षा हजारो पटींनी पातळ, पण घट्ट. तोच खालच्या धातूची राखण करतो. तुम्ही तो घासून काढलात तर पुन्हा धरतो. म्हणून मंद, करडे पडलेले इंजिन हे आजारी इंजिन नसते.

मात्र खाडीकाठच्या हवेचे वेगळे आहे. मिठाची ओल त्या पापुद्र्याला जागोजागी फोडते. मग पांढरी पूड येते, तिच्याखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. हे मात्र थांबवायला हवे, आणि त्यासाठी आरसा करण्याची गरज नाही. स्वच्छ गोडे पाणी, कोरडे पुसणे आणि वर मेणाचा हात, एवढ्याने ते थांबते.

आता ही बुलेट. १९९१ ची, म्हणजे लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. तिच्या इंजिनात सगळेच ॲल्युमिनियम नाही. मधला पंखांचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा आहे. त्याला कितीही घासले तरी जर्मनची चकाकी येणार नाही, आली तरी आठ दिवसांत तांबूस होईल. त्याला तारेच्या ब्रशने साफ करून उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा पातळ हात द्यावा, बस्स. वरचे हेड, खालची क्रँककेस, उजवीकडचे टायमिंग कव्हर, डावीकडचे प्रायमरीचे कव्हर आणि गिअरबॉक्सचे कव्हर हे ॲल्युमिनियम. यातही भेद आहे. बाहेरची मोठी कव्हरे कारखान्यातूनच पॉलिश होऊन येत, क्रँककेस मात्र ओतकामाच्या खरबरीत अंगाचीच असे. म्हणजे कव्हरे चमकवणे हे गाडीला तिचे मूळ रूप देणे आहे, आणि क्रँककेसचा आरसा करणे हे तिला कधी नसलेले रूप देणे आहे. जुन्या बुलेटचे शौकीन दुसऱ्या प्रकाराकडे कौतुकाने नाही, संशयाने बघतात: एवढे घासले आहे म्हणजे काय लपवले आहे?

हेडच्या पंखांबद्दल धाकट्याने कुठेतरी ऐकले आहे की चमकवले की इंजिन थंड राहते. हे उलटे आहे. चकचकीत पृष्ठभाग उष्णता कमी बाहेर टाकतो, खरबरीत आणि काळा जास्त. पण याचा बाऊही करू नये, कारण चालत्या गाडीच्या इंजिनाची बहुतेक उष्णता समोरून येणारा वाराच नेतो. पंखांना खरा त्रास होतो तो त्यांच्यात साचलेल्या तेलकट चिखलाचा. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन ते मोकळे करावेत. पंखांवर बफचे चाक मुळीच चालवू नये. चाक पंखात अडकले तर पंख मोडतो, नाहीतर माणसाचे बोट.

आता गॅरेजच्या प्रस्तावाकडे येऊ. धाकट्याने आणलेल्या कागदावर लिहिले आहे, "इंजिन फुल खोलून मिरर पॉलिश." यातला "फुल खोलून" हा शब्द आम्हाला पॉलिशपेक्षा जास्त खटकतो. जे इंजिन बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्या किकला सुरू होते, तेल गाळत नाही, आवाज करत नाही, ते केवळ रूपासाठी उघडायचे कशाला? बुलेटच्या उजव्या टायमिंग कव्हरातच तेलाचे पंप आहेत, तेलाच्या वाटा आहेत, आणि तिथूनच तेल क्रँकच्या बेअरिंगकडे जाते. बफिंगवाला हे कव्हर चाकावर धरतो तेव्हा पॉलिशच्या वडीची काळी भुकटी त्या वाटांत शिरते. ती भुकटी म्हणजे बारीक कुरुंदच. नीट धुतली गेली नाही तर कव्हर आरशासारखे दिसेल आणि पाचशे किलोमीटरमध्ये बिग-एंड बेअरिंग बोलायला लागेल. शिवाय घाईत बफवाल्याचा हात कव्हराच्या कडेवर, जिथे गॅस्केट बसते त्या सपाट पट्टीवरही फिरतो. ती पट्टी किंचित गोल झाली की तेल गळणार. मग मिस्त्री त्यावर गम थापतो, जास्तीचा गम आतल्या बाजूला बाहेर येतो, तुटतो, आणि पुन्हा तेलाच्याच वाटेत जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट त्या कागदावर नाही, पण विचारून घ्यावी: साफ करायला काय वापरणार? काही ठिकाणी काम लवकर उरकावे म्हणून संडास साफ करायचे ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरतात. धुण्याच्या सोड्यात जर्मनचे पातेले काळे पडते हे ज्या बहिणीने पाहिले आहे तिला यापुढे सांगायला नको. कॉस्टिक ॲल्युमिनियम सरळ खाते, ॲसिडही खाते, आणि शेजारच्या स्क्रूंना गंज आणते. वाळूचा फवारा तर इंजिनाच्या जवळपासही नको. वाळूचा एक कण कोपऱ्यात राहिला तरी पुरे.

या सगळ्यापेक्षा मोठी एक बाब आहे, ती कोणीच लिहिलेली नाही. क्रँककेसवर इंजिन नंबर ठोकलेला असतो. घासपेपर आणि बफने तो नंबर पुसट होतो, आणि एकदा पुसट झाला की आरटीओत उभे राहिलेल्या माणसाला तो आपणच खोडला नाही हे सिद्ध करणे फार कठीण. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९१ ची गाडी म्हणजे २००६, २०११, २०१६, २०२१, आणि मग २०२६. नूतनीकरणाच्या वेळी चेसिस आणि इंजिनाचे नंबर पुस्तकाशी ताडून बघतात. म्हणून आम्ही सांगतो, क्रँककेसला पॉलिशचा हात लावूच नका. नंबरावर मळ असेल तर रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि मोबाइलवर त्याचा स्पष्ट फोटो काढून ठेवा.

आरटीओचा विषय निघालाच आहे तर पुढचे विचारणे भाग आहे. आरसी बुक अजून मरहूमच्या नावावर आहे का? पत्रावरून तसे दिसते, आणि धाकटा "कधीकधी बाजारापर्यंत" गाडी नेतो असेही दिसते. नियम असा आहे की मालकाचे निधन झाल्यावर तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र लागते. मुदत उलटली असेल तर दंड भरून का होईना, पण करून घ्यावे. उद्या बाजाराच्या वळणावर काही झाले, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. चकचकीत कव्हर तिथे साक्षीला येणार नाही.

आणि हे प्रतिज्ञापत्र करायला बसाल तेव्हा एक गोष्ट आपोआप पुढे येईल. गाडी थोरल्याची नाही, धाकट्याची नाही, चाचांची तर नाहीच. ती तरक्यातली वस्तू आहे. मरहूमचे आई-वडील हयात नाहीत असे पत्रात आहे, कर्ज फिटलेले आहे, वसीयत नव्हती. अशा स्थितीत बेवेचा आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. दोन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे गाडीचे चाळीस भाग धरले तर अम्मीचे पाच, प्रत्येक मुलाचे चौदा आणि मुलीचे सात. खात्री करायची तर आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमसाहेबांना विचारून घ्यावे. गावाकडे जमिनीचे हिस्से आपण मोजून घेतो, पण अब्बांचे घड्याळ, शिलाई मशीन, मोटरसायकल यांचा हिशेब कोणी करत नाही. "मुलांनी वापरावी" असे म्हणून विषय मिटतो. चार पानांच्या पत्रात थोरल्याचे म्हणणे आहे, धाकट्याचे आहे, चाचांचे आहे, बहिणीने स्वतःचे मनही शेवटच्या पानावर मोकळे केले आहे. मुलीला काय वाटते, हे एका ओळीतही नाही. सात भाग तिचे आहेत, आणि ज्या पैशांत पॉलिश व्हायची आहे त्याची तुलना तिच्याच फीशी झालेली आहे. तिला विचारा. चौघांनी मिळून गाडी एकाच्या नावावर करायची ठरवली आणि बाकीच्यांनी आपला हिस्सा खुशीने सोडला किंवा त्याची किंमत घेतली, तर मग ज्याच्या नावावर गाडी त्याने पॉलिश करावी की न करावी, हा त्याचा अधिकार.

थोरल्याबद्दल दोन शब्द. परदेशात राहून जनाजाला पोहोचू न शकलेल्या मुलाला काहीतरी करावेसे वाटते, आणि करायचे म्हणजे पैसे पाठवायचे, एवढाच मार्ग त्याच्या हातात असतो. त्याच्या पैशाला "इस्राफ" म्हणून झिडकारू नये. त्या पैशाला चांगली वाट दाखवावी. गाडी वर्षभर उभी आहे. टायर रबराला भेगा पडलेले असणार, ते बदलावेत. ब्रेकचे लायनर, केबल, वायरिंग, साखळी, बॅटरी तपासून घ्यावी. तेल बदलावे, तेही एक नाही, इंजिनाचे वेगळे, प्रायमरीचे वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे. जुन्या बुलेटचे ड्रम ब्रेक नव्या असतानाही फार तत्पर नव्हते. धाकटा ती गाडी चालवणार असेल तर भावाच्या पैशाचा पहिला हक्क ब्रेकचा.

उरली चकाकी. आमचे मत विचाराल तर दोनच कव्हरे चमकवा, उजवीकडचे टायमिंगचे आणि डावीकडचे प्रायमरीचे, तीही गाडीवरून न उतरवता, हाताने, घरी. खर्च किरकोळ आहे, वेळ मात्र लागेल. इंजिन पूर्ण थंड असताना आधी रॉकेलने तेलकटपणा काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. हिरवी घासणी वापरू नका, तिचे ओरखडे काढता काढता दुप्पट वेळ जातो. लोखंडी काथ्याही नको, त्याचे तुकडे ॲल्युमिनियमवर राहतात आणि गंजून डाग पाडतात. कव्हरावर पारदर्शक लॅकरचा जुना थर असेल आणि त्याखाली पांढऱ्या अळीसारख्या रेषा दिसत असतील, तर तो थर पेंट रिमूव्हरने आधी काढावा लागेल. लॅकरवर कितीही पॉलिश लावले तरी धातूला पोहोचत नाही, आणि अनेक मुले इथेच कंटाळून सोडून देतात.

खड्डे असतील तिथेच पाण्याचा घासपेपर घ्या. ४०० नंबरपासून सुरू करून ६००, ८००, १०००, १५०० असे चढत जा. प्रत्येक नंबरची दिशा आधीच्याला आडवी ठेवा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. मधला नंबर गाळला तर शेवटी उन्हात सगळे ओरखडे उठून दिसतात. उठावाची अक्षरे आणि कडा यांच्यावर जोर देऊ नका, त्या एकदा बोथट झाल्या की गेल्या. नंतर सुती फडक्यावर मेटल पॉलिश. फडके काळे होईल. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे, ते ॲल्युमिनियमच आहे. चाचांची झिजण्याची भीती खरी ठरते ती इथे, म्हणून हा सोहळा वर्षातून एकदा पुरे, दर जुम्म्याला नको. ड्रिलला लावायचे छोटे बफ वापरायचे असेल तर चश्मा आणि मास्क हवा. ओढणी, सैल बाह्या, लटकता दोरा जवळ नको. लोखंड घासायच्या ग्राइंडरजवळ हे काम करू नका. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी ठिणगीने पेट घेते.

शेवटी गाडीचे मेण पातळ लावून पुसून घ्या. लॅकर मारून टाकले की कटकट संपली, असे दुकानदार सांगेल. समुद्राच्या हवेत ते टिकत नाही. एक खडा लागून टवका उडाला की पाणी खाली शिरते आणि पुन्हा त्याच पांढऱ्या अळ्या. मेण निघून गेले तर पुन्हा लावता येते. हेडला मात्र मेण नको, तिथे ते जळून वास मारते.

गिअरबॉक्सच्या कव्हराला हात लावू नये असे आम्ही म्हणतो, आणि त्याचे कारण या पत्राच्या शेवटच्या पानावर आहे. बहिणीने लिहिले आहे की गिअरच्या पेडलजवळ एक जागा आपोआप चकचकीत झाली आहे, मरहूमच्या बुटाने, पंचवीस वर्षांच्या गिअर टाकण्याने. त्याच्या खाली कुठल्याशा घाटात पडल्याचा एक लांब ओरखडा आहे. थोरल्याच्या मिरर पॉलिशमध्ये सर्वांत आधी हेच दोन्ही जाईल. त्याला कदाचित ती जागा माहीतही नसेल, कारण गाडी चालवण्याच्या वयाचा होताच तो परदेशी गेला. त्याला त्या जागेचा फोटो पाठवून बघा. पॉलिशवाल्याच्या आकड्यापेक्षा त्यावर बोलणे सोपे जाईल असे आम्हाला वाटते.

पावसाळ्यात गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका, आतली ओल बाहेर जात नाही आणि जूनमध्ये केलेली चकाकी सप्टेंबरपर्यंत पांढरी पडते. जुनी सुती चादर टाका, वर छप्पर असू द्या, आणि पंधरा दिवसांतून एकदा इंजिन चांगले गरम होईपर्यंत चालवा. फॉर्म ३१ च्या बाबतीत कुठे अडले तर पुन्हा लिहावे. मुलगी काय म्हणाली, तेही कळवावे.